दाढीच्या साबणाने चेहरा कोरडा पडतो, फोमकडे वळू का?

प्रश्न: वाघोलीत राहायला आल्यापासून ब्रश आणि वाटीतल्या साबणाने दाढी केली की गाल ओढल्यासारखे होतात आणि दुपारपर्यंत हनुवटीवर पांढरे पोपडे दिसतात. साबण सोडून फोम किंवा जेल घ्यावं का?

उत्तर: इतक्यात साबण सोडू नका. डब्यातला फोम हाही बहुतेक वेळा स्टिअरिक आम्लापासून केलेला साबणच असतो, फक्त त्यात वायू भरलेला असतो. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते शब्द म्हणजे ‘वाघोलीत आल्यापासून’. तेव्हा आधी पाणी तपासा.

पुण्यात खडकवासला धरणाहून येणारं नळाचं पाणी मऊ असतं. शहराच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं आणि ते बऱ्याचदा जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी पांढरट रेघ धरते, तीच गालावरही बसते आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. शिवाय अशा पाण्यात फेस टिकत नाही, म्हणून माणूस आणखी साबण घेतो आणि त्रास वाढवून घेतो.

दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं, दोन्ही तिसरा हिस्सा भरून. प्रत्येकीत दाढीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून जोरात हलवा. नळाच्या पाण्यात फेस कमी आणि खाली दुधट गढूळपणा दिसला, तर कारण सापडलं. उपाय स्वस्त आहे: रोज अर्धा लिटर आरओचं पाणी कोमट करून घ्या. ब्रश भिजवणं, फेस करणं आणि शेवटचं धुणं, तिन्ही त्याच पाण्याने. पातं खळबळायला नळाचं चालेल.

आता साबणाबद्दल. दाढीच्या साबणाचा आणि ब्रशने फेसाळणाऱ्या क्रीमचा सामू (pH) ९ ते १० च्या आसपास असतो, तर निरोगी त्वचेचा साधारण ५. म्हणजे थोडं तेल निघणारच. पण त्वचा खरी कोरडी पडते ती फेस चेहऱ्यावर वाळल्यामुळे आणि नीट न धुतला गेल्यामुळे. म्हणून माझा सगळा भर पाण्यावर आहे.

दाढी आंघोळीनंतर करा. ते जमत नसेल तर कोमट पाण्याने चेहरा दोन-तीन मिनिटं भिजवा, म्हणजे केस पाणी पिऊन मऊ होतात. त्याआधी फेसवॉश किंवा अंगाचा साबण लावू नका. एकाच चेहऱ्याचं तेल दोनदा काढण्यात काही अर्थ नाही. गाल पुसू नका, ओलेच ठेवा.

सगळ्यात जास्त चूक होते ती फेस करताना. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर पाच मिनिटं भिजत ठेवा, सिंथेटिक असेल तर नुसता ओला केला तरी पुरे. दोनदा झटका. वडीवर २० ते ३० सेकंद फिरवा. क्रीम असेल तर हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, बदामाएवढं पुरतं. मग वाटीत किंवा थेट गालावर घोळत थेंब-थेंब पाणी घालत जा. पहिल्या मिनिटात चक्क्यासारखा घट्ट फेस तयार होतो. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण तो दिसायला भरगच्च असतो. पण त्यात पाणी कमी असतं, तो मिनिटभरात सुकतो आणि पातं ओढतं. आणखी पाणी घाला. दाट घुसळलेल्या दह्यासारखा, चकचकीत आणि बुडबुडे न दिसणारा झाला की बरोबर. बोटाने चोळला तर निसरडा लागला पाहिजे. मोठे बुडबुडे येऊन तो गळायला लागला तर पाणी जास्त झालं. ब्रश पुन्हा पाच-सात सेकंद वडीवर फिरवा. आणि पंखा बंद ठेवा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीची हवा कोरडी असते, मार्च-एप्रिलच्या दुपारी तर आणखीच. पंख्याखाली एका गालाचं होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळून पापडी धरते. म्हणून एकेक भाग लावत चला, किंवा मध्येच ओला ब्रश फिरवा.

पात्याने केसांबरोबर त्वचेचा वरचा पापुद्राही खरवडला जातो. म्हणून एक सुलटा हात आणि गरज वाटली तर एक आडवा हात, दोन्ही वेळा नव्या फेसावर. पोपडे जाईपर्यंत उलटी दाढी पूर्ण बंद. फेस नसलेल्या जागेवरून पातं पुन्हा फिरवू नका. हनुवटीवर नेमकं हेच होतं. दुधारी पातं चार-पाच दाढ्यांनंतर बदला, ओढल्यासारखं वाटलं तर त्याआधीही.

धुताना आधी कोमट पाण्याचे सात-आठ हबके, कानाजवळ आणि जबड्याखाली बोटं फिरवून. नंतर गार पाणी. टॉवेल घासू नका, टिपा.

तुरटी रक्त थांबवायला उत्तम, पण कोरड्या चेहऱ्यावर ती सगळीकडे फिरवू नका. ती त्वचा आवळते आणि अंगावर राहिली तर आणखी सुकवते. कापलंय तिथेच टेकवा, अर्ध्या मिनिटाने धुवा. अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह थंडीत बंदच ठेवा. मेंथॉलचा गारवा छान वाटतो, पण नाजूक त्वचेला तो चुणचुणतो.

चेहरा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. घरचा उपाय हवा असेल तर एक भाग ग्लिसरीन आणि चार भाग गुलाबपाणी, त्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत लावू नका. बाहेर ओल नसली की ते त्वचेतलंच पाणी वर ओढतं. खोबरेल तेल काहींना मानवतं, पण पुळ्या येणाऱ्यांनी टाळावं. युरिया असलेलं क्रीम ताज्या दाढीवर झोंबतं, ते रात्री लावा.

एवढं दोन आठवडे करूनही कोरडेपणा राहिला तरच साबण बदला. वडीपेक्षा क्रीममध्ये पाणी आधीच जास्त असतं, त्यामुळे नवशिक्याला ते सोपं जातं. वेष्टनावर स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन यादीत वर असलेलं घ्या. नारळाच्या तेलाचा साबण झटकन भरपूर फेस देतो, पण त्वचेला जास्त कडक पडतो. नवं काही घेतलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुवून, दोन दिवस वाट पाहा.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. पोपडे फक्त हनुवटीवर आहेत, की नाकाच्या कडेला आणि भुवयांतही पिवळसर, तेलकट खपल्या आहेत? तसं असेल तर तो कोरडेपणा नसून चेहऱ्यावरचा कोंडा, म्हणजे सेबोरिक डर्मटायटिस असू शकतो. त्यावर खोबरेल तेल चोळल्याने तो वाढू शकतो, आणि बुरशीविरोधी औषध लागतं. ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच घ्या.