अचानक ऐकू येईनासे झाल्यापासून वडील चिडचिडे आणि अबोल झाले आहेत. हा स्वभाव बदलला म्हणायचा का?

हा स्वभावातला बदल नव्हे. ज्या आवाजांच्या आधाराने माणूस चारचौघांत वावरतो, तेच एका रात्रीत हरपल्याचे हे दुःख आहे. माझे मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना जात. एका सकाळी त्यांचा उजवा कान बंद झाला, आत अखंड शिट्टी वाजू लागली, आणि बोली कोणत्या बाजूने आली हेच कळेना, म्हणून त्यांनी सौद्यांना जाणे सोडले. घरात कुणी हसले तरी आपल्यालाच हसतात असे त्यांना वाटे. दिवसभर ओठांकडे पाहून अर्थ लावताना माणूस किती थकतो, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

वडिलांना अजून दाखवले नसेल, तर आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. ७२ तासांच्या आत उद्भवणाऱ्या अशा बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक उपयोगी ठरतो, आणि मळ असेल असे समजून कानात तेल घालण्यात नेमके तेच दिवस वाया जातात.

घरी त्यांच्या समोर बसून, न ओरडता, सावकाश बोला, आणि त्यांनी पुन्हा विचारल्यास ‘जाऊ द्या, काही नाही’ असे कधीही म्हणू नका. मामांच्या मनाला सर्वांत जास्त तेच लागत असे.