शिकागो युनिव्हर्सिटीने आपली नावाजलेली फुटबॉल टीम १९३९ साली बंद का केली?

तुम्ही लिहिलंय की भाच्याला युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोत प्रवेश मिळालाय, आणि तिथला फुटबॉल एकेकाळी देशात गाजलेला होता, पण एका अध्यक्षाने तो एका फटक्यात बंद केला असं कुठेतरी वाचनात आलं. ते खरं का, आणि आता तिथे टीम आहे का, असं विचारलंय. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं.)

बंद केला हे खरं, एका फटक्यात नाही. मी कॅम्पसच्या शेजारी, हाइड पार्कमध्ये राहतो. इथे कुणालाही विचारा, गोष्ट तीच ऐकायला मिळते: हचिन्स नावाचा पुस्तकी अध्यक्ष आला, त्याला खेळाचा तिटकारा होता, त्याने टीम मारली. मला हे अर्धवट वाटतं. टीम आधीच मरणपंथाला लागलेली होती, हचिन्सने फक्त डेथ सर्टिफिकेटवर सही केली. आणि गंमत म्हणजे तिला जन्माला घातलं तेही अध्यक्षानेच.

रॉकफेलरच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाचे वर्ग १८९२ मध्ये सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हिब्रूचे प्राध्यापक. येल विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या अमोस अलोन्झो स्टॅग या तरुणाला त्यांनी बोलावून घेतलं. हा स्टॅग खरं तर पाद्री व्हायला निघालेला, पण खेळात त्याहून तरबेज. त्याला नुसता कोच म्हणून ठेवलं नाही, तर प्राध्यापकाचा दर्जा आणि कायम नोकरी दिली. त्या काळी ही नवलाचीच गोष्ट होती. पहिल्या वर्षी पोरं कमी पडली तेव्हा हे प्राध्यापकमहाशय स्वतःच मैदानात उतरून खेळले.

हार्परना फुटबॉलची एवढी हौस का? कोऱ्या करकरीत विद्यापीठाला नाव हवं होतं, आणि हार्वर्ड-येलच्या पंगतीत बसायला लायब्ररीपेक्षा मैदान लवकर उपयोगी पडतं. वर्तमानपत्रं मॅच छापतात, प्रबंध छापत नाहीत. १८९३ मध्ये शेजारीच कोलंबियन जागतिक प्रदर्शन भरलं होतं (विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली). प्रदर्शनातला जत्रेचा लांबलचक पट्टा, मिडवे, आज कॅम्पसच्या मधोमध आहे. त्यावरूनच शिकागोच्या खेळाडूंना 'मिडवेचे राक्षस' म्हणायला लागले. पुढे हे नाव शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने उचललं, आणि आता ते त्यांचंच वाटतं.

१८९६ मध्ये आज ज्याला 'बिग टेन' म्हणतात ती विद्यापीठांची क्रीडा संघटना निघाली, तिच्या संस्थापकांत शिकागो होतं. स्टॅगने तिथे एकूण सात विजेतेपदं मिळवली. पण एकच मॅच सांगायची तर ३० नोव्हेंबर १९०५ ची, मिशिगनविरुद्धची.

त्या दिवसापर्यंत मिशिगन सलग ५६ सामने हरलेलं नव्हतं. त्या पाच हंगामांत त्यांनी प्रतिस्पर्ध्यांवर अडीच हजारांहून जास्त गुण चढवलेले. शिकागोत पंचवीस हजारांवर लोक जमले. दोन्ही बाजू एवढ्या तोडीस तोड की गुणफलक हलेचना. उत्तरार्धात शिकागोच्या एकरसॉलने लांब किक मारली, आणि मिशिगनच्या डेनी क्लार्कने चेंडू पकडला तो स्वतःच्या गोलरेषेच्या मागे. तिथेच चेंडू टेकवून गप्प बसला असता तर काहीच बिघडलं नसतं. तो पळाला. रेषा ओलांडून जेमतेम बाहेर आला तोच शिकागोच्या गड्यांनी त्याला धडक मारून उचलून परत रेषेमागे नेऊन आपटलं. अशा वेळी समोरच्या संघाला दोन गुण मिळतात. मॅच संपली २-०. पाच वर्षांचा दबदबा त्या दोन गुणांनी संपला.

हा एकरसॉल म्हणजे त्या काळचा देशभर गाजलेला खेळाडू. डिग्री मात्र त्याला मिळाली नाही. मिळावी अशी निकड मैदानावर कुणाला होती असंही दिसत नाही. म्हणून पूर्वीचा फुटबॉल शुद्ध आणि नंतर पैशाने नासला असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. इथे तो पहिल्या दिवसापासून जाहिरातीचाच भाग होता. त्याच १९०५ च्या हंगामात देशभरात इतके खेळाडू दगावले की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लक्ष घालावं लागलं, आणि पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी देणारे नवे नियम आले.

वैभव १९२०च्या दशकापर्यंत टिकलं. १९२२ ची प्रिन्स्टनविरुद्धची मॅच टेलिफोनच्या तारेवरून न्यूयॉर्कला नेऊन रेडिओवर ऐकवली गेली. १९२४ मध्ये रेड ग्रेंज या गाजलेल्या खेळाडूच्या इलिनॉय विद्यापीठाला २१-२१ असं रोखून शिकागोने आपलं शेवटचं विजेतेपद घेतलं. त्यानंतर उतरण.

उतरणीची कारणं मैदानाबाहेरची होती. आसपासची सरकारी विद्यापीठं अवाढव्य झाली. त्यांच्याकडे पदवीची पोरं हजारोंनी, शिवाय शारीरिक शिक्षणासारखे विषय, ज्यात खेळाडू सुखाने पास होई. शिकागोत तसा आडोसा नव्हता, पदवीचे विद्यार्थी मोजके, आणि परीक्षा कुणाच्याही तोंडाला फेस आणणारी. शहरात बेअर्स होते, जवळच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ, थोडं पुढे नोत्र दाम विद्यापीठ. चांगला खेळाडू आणि तिकीट काढणारा प्रेक्षक, दोघांनाही दुसरी दारं उघडी होती. स्टॅगही आता थकला होता. तो जिथे वीस वर्षांपूर्वी होता तिथेच होता.

अशा वेळी, १९२९ मध्ये, रॉबर्ट मेनार्ड हचिन्स अध्यक्ष झाले, वय तीस. माणूस हट्टी, पण नुसता शिष्ट नव्हे. खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखरना सावळ्या रंगापायी कॅम्पसवर शिकवू द्यायला एका डीनची हरकत होती, तेव्हा ती बाजूला सारून 'शिकवतील' म्हणणारे हेच. स्टॅगना सत्तरीत निवृत्तीचा नियम लावून त्यांनी १९३२ च्या हंगामानंतर निरोप दिला. दुसरं पद देऊ केलं, ते स्टॅगनी नाकारलं आणि कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकचं कोचपद घेतलं. १९३८ मध्ये ७६ वर्षांचा हा म्हातारा तिथली पोरं घेऊन शिकागोत आला आणि स्वतःच्या नावाच्या मैदानावर, स्टॅग फील्डवर, शिकागोला ३२-० ने झोडपून गेला. याहून वाईट अपमान तो कोणता? पुढच्या वर्षी झाला, तो सांगतोच.

मधे एक झुळूक आली, जे बरवँगर. नाक मोडलेलं म्हणून तोंडावर जाळी बांधून खेळायचा. १९३४ मध्ये त्याला अडवताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डोळ्याखाली जखम झाली, तिचा व्रण कायम राहिला. तो खेळाडू जेराल्ड फोर्ड, पुढचे राष्ट्राध्यक्ष. १९३५ मध्ये, टीमने निम्म्याच मॅच जिंकल्या असताना, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पहिलाच पुरस्कार बरवँगरला मिळाला, ज्याला पुढच्या वर्षीपासून हाइसमन ट्रॉफी म्हणतात. १९३६ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या पहिल्यावहिल्या खेळाडू निवडीत त्याचं नाव सर्वात आधी पुकारलं गेलं. मागितला तेवढा पैसा मिळेना म्हणून पठ्ठ्या व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. ट्रॉफी त्याच्या मावशीने बरेच दिवस दार आपोआप बंद होऊ नये म्हणून दाराशी ठेवली होती.

आणि १९३९. हार्वर्डकडून ६१-०. ओहायो स्टेटकडून ६१-०. मिशिगनकडून, ज्यांना १९०५ मध्ये दोन गुणांनी रडवलं होतं, ८५-०. बेलॉइट नावाच्या चिमुकल्या कॉलेजकडूनही हार. डिसेंबरमध्ये विश्वस्तांनी ठराव करून टीम बंद केली. हचिन्स कॉलेज फुटबॉलच्या धंद्यावर आधीपासून जाहीर टीका करत होते, पण दहा वर्षं थांबले. १९२४ च्या टीमला त्यांनी हात लावून दाखवला असता तर मी त्यांना शूर म्हटलं असतं. तरीही एक मान्य करायला हवं: पोरं विकत आणायची, दरवर्षी मार खायचा, की बंद करायचं, असे तीनच रस्ते होते, आणि त्यांनी पहिला घेतला नाही. बाकीच्या मोठ्या विद्यापीठांपैकी कुणी त्यांच्या मागे गेलं नाही. १९४६ मध्ये शिकागो बिग टेनमधूनही बाहेर पडलं.

रिकाम्या स्टेडियमचं पुढे काय झालं ते फुटबॉलपेक्षा प्रसिद्ध आहे. पश्चिमेकडच्या स्टँडखालच्या स्क्वॉश कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मींच्या चमूने मानवनिर्मित अणुसाखळी प्रक्रिया पहिल्यांदा चालवून दाखवली. भर वस्तीत हा उद्योग करायची परवानगी प्रकल्पाचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांनी हचिन्सना विचारलीच नाही. विचारलं असतं तर अध्यक्ष म्हणून त्यांना 'नाही'च म्हणावं लागलं असतं. स्टँड १९५७ मध्ये पाडले. मैदानाच्या जागेवर आज रेगन्स्टाइन लायब्ररी आहे, १९७० साली उघडलेली. तिच्यातल्या दक्षिण आशियाई संग्रहात मराठी पुस्तकं चिक्कार आहेत. आपण इंटरनेटवर मोल्सवर्थचा कोश चाळतो ना, तोही याच विद्यापीठाने चढवलेला. हार्परना हे कळलं असतं तर त्यांचा जीव सुखावला असता.

फुटबॉल परत यायला तीस वर्षं लागली. १९६३ मध्ये नुसती सरावाची म्हणून मॅच ठेवली, तर विद्यार्थीच मैदानात ठिय्या मारून बसले, आम्हाला फुटबॉल नको म्हणून. १९६९ मध्ये अधिकृत टीम पुन्हा सुरू झाली, गाजावाजा न करता.

आता भाच्याचं. टीम आहे, मरून रंगाचीच. नवं स्टॅग फील्ड ५६ व्या रस्त्यावर कॉटेज ग्रोव्हला आहे, बसायला हजार-दीड हजार जागा, त्याही क्वचितच भरतात. घोषणा ऐकण्यासारख्या असतात, त्यातल्या एकीत थेमिस्टोक्लिस, थुसिडिडीज, एक्स वर्ग, वाय वर्ग आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं सूत्र येतं, मग कुठे 'गो मरून्स'. टीम डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरात खेळते, त्यामुळे खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही. त्याला खेळायचंच असेल तर प्रवेश पक्का झाल्यावर कोचला थेट ईमेल करायला सांगा. नुसती बघायची असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मॅच पाहून घे म्हणावं, नोव्हेंबरात लेक मिशिगनवरून येणारा वारा पहिल्या वर्षाच्या मुलांना झेपत नाही.