लाइनीजवळचं घर आणि पाचवा महिना

«मावशी, पाचवा महिना लागलाय. घरामागच्या केळीच्या वावरातून विजेची मोठी लाइन जाते, पहाटे दव पडलं की तारा घूंऽऽ करत राहतात. शेजारणीचं बाळ पावणेदोन किलोचं जन्मलं आणि सगळे म्हणू लागले, लाइनीमुळेच. सासूबाई म्हणतात, माहेरी जा, उद्या काही झालं तर आम्हाला बोल लावू नको. मालक म्हणतात, खुळी आहेस. काय करू?» – रावेर तालुक्यातली एक वाचक

बाई, तू खुळी नाहीस. पोटात जीव असताना असा आवाज ऐकून कुणाचीही झोप उडेल. पण दमट हवेत तारांभोवतीची हवा तडतडते, त्याचा तो आवाज. त्यातून बाळाला काही होत नाही.

तारांचं विद्युत क्षेत्र भिंतीच अडवतात. चुंबकीय क्षेत्र भिंतीतून येतं, पण अंतर वाढलं की झपाट्याने उतरतं. ऐन तारांखाली ते २० मायक्रोटेस्लाच्या (हे क्षेत्र मोजायचं माप) आसपास असू शकतं. सामान्य लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० आहे. इंग्लंडमध्ये लाखावर जन्मांच्या अभ्यासात लाइनीपासून ५० मीटरच्या आतल्या बाळांचं वजन सरासरी २१२ ग्रॅम कमी दिसलं होतं. घरच्या परिस्थितीचा हिशेब नीट धरल्यावर हा फरक बराच कमी झाला, आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं तिथे वाढलेली दिसली नाहीत. एक गोष्ट मात्र लपवत नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये अशा चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कारण असू शकेल’ या गटात टाकलंय. तो आजार मुळात फार विरळा, आणि संबंध आजही सिद्ध झालेला नाही.

तुझ्या पत्रात लाइनीबद्दल दोन पानं आहेत, तुझ्या रक्ताबद्दल एक ओळ नाही. मला काळजी त्याची वाटते. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर बाळाच्या वजनाला खरा धोका तिथे आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? स्वयंपाक चुलीवर होतो का? मिश्री लावतेस का? लावत असशील तर आजच सोड, मिश्रीने बाळाचं वजन घटतं हे पक्कं ठाऊक आहे. आणि आपला मे महिना! ४४-४५ अंशांत दुपारी वावरात जाऊ नकोस, पाणी पीत राहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते, आशाताईला सोबत घेऊन जा.

लाइनीचा खरा धोका गच्चीवर आहे. तारा गच्चीजवळून जात असतील तर लोखंडी सळई, लांब बांबू, ओली दोरी तिकडे कुणीच नेऊ नये, मालकांनीही.

माहेरी जायचं मन असेल तर जरूर जा, पहिलटकरणीची आपल्याकडे रीतच आहे. पण ‘काही झालं तर’चं ओझं घेऊन जाऊ नकोस. सासूबाईही घाबरल्यात, म्हणून तसं बोलल्या असतील. पुढच्या तपासणीला त्यांनाच घेऊन जा, डॉक्टरांचं त्यांच्या कानांनी ऐकू दे.

आणि त्या शेजारणीकडे एकदा जाऊन ये. तिलाही सगळे लाइनीचंच सांगत असतील. तिला सांग, बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धर, अंगावरचं दूध पाज, वजन वाढतंय का ते दवाखान्यात दाखवत राहा. एवढ्या लहान बाळाला त्याचाच मोठा आधार असतो.