तंबू न वाहता संदकफू

प्रश्न : आम्ही दोघेही साठीचे आहोत. तंबू न वाहता, रोज छपराखाली मुक्काम करत हिमालयातील छोटी पदयात्रा आम्हाला झेपेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : डॉक्टरांची संमती असेल, तर दार्जिलिंगजवळच्या संदकफूला (३,६३६ मीटर) अवश्य जा. मानेभंज्यांगहून निघून तुमलिंग आणि काळीपोखरी येथील साध्या निवासांत मुक्काम करत तिसऱ्या दिवशी माथा गाठता येतो. सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात वाटाड्या सक्तीचा आहे आणि ते योग्यच आहे, कारण दाट धुक्यात नेपाळची हद्द केव्हा ओलांडली हेही कळत नाही. सह्याद्रीत सराईतपणे चढणाऱ्यांनाही तिथे विरळ हवेमुळे धाप लागते. डोके दुखून मळमळू लागले, तर ते लपवू नका, वाटाड्याला सांगून खाली उतरा. माथ्यावर पहाटे रजई सोडायचा कंटाळा मात्र करू नका. कांचनजंगेवर आधी गुलाबी, मग सोनेरी ऊन चढते.