व्हँकुव्हरला जा, पण कागद स्वतःच्या नावावर कर

तुझा मेसेज वाचला. तिसऱ्यांदा पण एच-१बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव नाही, स्टेम ओपीटी (शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायची मुदत) संपत आलंय, आणि कंपनी म्हणते वर्षभर कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ऑफिसात बस, मग एल-१ वर, म्हणजे कंपनीतल्याच बदलीच्या व्हिसावर, अमेरिकेत परत आणतो. आणि तू मला काय विचारतोयस, तर पगार किती कमी होईल. अरे बाबा, राहण्याचा हक्क देणारा कागद कुणाच्या नावावर असणार ते विचार ना आधी!

एल-१ ला लॉटरी नाही, कॅप (वर्षाला किती व्हिसा याची मर्यादा) नाही, हे खरंय. बाहेरच्या ऑफिसात सलग एक वर्ष काढायचं आणि स्पेशलाइज्ड नॉलेज, म्हणजे कंपनीच्या कामाचं खास ज्ञान, दाखवायचं. पण तो व्हिसा कंपनीचा. एच-१बी निदान दुसऱ्या कंपनीत ट्रान्सफर तरी होतो, एल-१ मध्ये तेही नाही. एक रीऑर्ग होऊन नोकरी गेली की तू आणि अमेरिकेत दुसरी सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवस.

आता गंमत बघ. तेवढंच एक वर्ष कॅनडात स्किल्ड काम केलं की एक्सप्रेस एंट्रीच्या (कॅनडात कायम राहायला अर्ज करायची पॉइंटवाली पद्धत) कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमध्येही (सीईसी) बसता येतं. म्हणजे दोन्ही रस्ते साधारण एकाच वेळी मोकळे होतात, आणि कंपनी तुला त्यातला एकच सांगणार. पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा हक्क, हातात येईपर्यंत हलू नकोस, मॅनेजर कितीही गोड बोलला तरी. कागद तुझ्या नावावर पाहिजे.

आणि ते रूममेटचं ज्ञान डोक्यातून काढ, की कॅनडाचा पासपोर्ट घेतला की ग्रीन कार्डची भारताची रांग चुकते. रांग जन्माच्या देशावर ठरते रे. सांगलीत जन्मलास ना, मग पासपोर्ट कुठलाही असो, रांग तीच (बायको दुसऱ्या देशात जन्मलेली मिळाली तर गोष्ट वेगळी, बघ बाबा). कॅनडाच्या पासपोर्टने टीएन, म्हणजे अमेरिकेत काम करायचा आणखी एक परवाना, मिळतो, तो पीआरवर मिळत नाही, आणि तो पण शेवटी नोकरीलाच बांधलेला.

मी सिएटल सोडून कॅनडात आलो तेव्हा मित्र हसले, अजून हसतात, म्हणे घाबरून पळाला. हसू देत. त्यातले काही आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज) अप्रूव्ह होऊन वर्षानुवर्षं रांगेत बसलेत आणि घरी कुणी आजारी पडलं तरी स्टॅम्पिंगच्या, म्हणजे परत यायला पासपोर्टवर व्हिसा मिळेल की नाही या, भीतीने तिकीट काढत नाहीत. मी पण आजीच्या वेळी असाच थांबलो, पोचलो तेव्हा तेरावा होऊन गेला होता. त्यानंतर मला कुणी पगाराचे आकडे दाखवू नयेत. पळालो नाही मी, इथलं घरभाडं भरून बघा म्हणावं कुणाला पळाला म्हणताय ते.

सोपं नाहीये, माहितीये. २०२५ च्या मार्चपासून एक्सप्रेस एंट्रीत जॉब ऑफरचे पॉइंट गेले, त्या वर्षी सीईसीचे कटऑफ ५०० पॉइंटच्या वर होते, आणि तिशीपासून दर वाढदिवसाला पॉइंट घटतात. तू अठ्ठावीसचा, म्हणून तर घाई करतोय. एमएस अमेरिकेत केलं असलंस तरी आयएल्ट्ससारखी एखादी मान्य भाषेची परीक्षा द्यावीच लागते, उगाच इगोवर घेऊ नकोस, आणि बीईचं इव्हॅल्युएशनही (कॅनडासाठी पदवीची तपासणी) आत्ताच टाक, युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्ट निघायला किती वेळ लागतो तुला ठाऊकच आहे. परीक्षेची तारीख घेतलीस की फोन कर, पगाराचं मग बोलू.