डाएट आठवडाभरही टिकत नाही. खाण्याच्या साध्या, टिकणाऱ्या सवयी कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की सकाळी पोहे, दुपारी घरचा डबा, संध्याकाळी हाताला लागेल ते आणि रात्री साडेनऊला जेवण. यात ओट्स किंवा किन्वा आणायची गरज मला तरी दिसत नाही. चौघांचा एक स्वयंपाक आणि तुमचा वेगळा, हे रोज करणार कोण? तिथेच डाएट सुटतं. पदार्थ तेच राहू द्या, माप बदला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची आहार-मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात 2000 कॅलरीच्या दिवसाला धान्य 250 ग्रॅम आणि भाज्या 400 ग्रॅम धरल्यात. आपल्या डब्यात नेमकं उलटं असतं: चार पोळ्या आणि तोंडी लावण्यापुरती बटाट्याची भाजी. तर एक पोळी कमी, भाजी दुप्पट आणि वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण. नुसती पोळी कमी केलीत तर चार वाजता पोटात कावळे ओरडणार आणि तुम्ही वडापावच्या गाडीवर उभे असणार.

उसळीसाठी रोज झटायचं नाही. पाव किलो मटकी रात्री भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी मोड तयार. थंडीत जरा जास्त वेळ लागतो. पाणी नीट निथळून डब्यात भरली की फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. एक दिवस उसळ, एक दिवस मूठभर वाफवून पोह्यांत, एक दिवस उकडून वर कांदा, टोमॅटो, लिंबू. संध्याकाळच्या भुकेला हे पुरतं. ऑफिसात ठेवायला मात्र फुटाण्यांसारखं दुसरं काही नाही.

पालेभाजी आणली त्याच संध्याकाळी निवडा. न धुता फडक्यात गुंडाळून ठेवा. न निवडलेली मेथीची जुडी आठवड्याच्या मधल्या दिवशी कोणीही हातात घेत नाही, घरोघरी हेच.

तेल मोजायचं असेल तर ताटात नको, किराण्याच्या यादीत मोजा. त्याच तत्त्वांत तेल-तूप दिवसाला 27 ग्रॅम दिलंय. म्हणजे महिन्याला माणशी साधारण 900 मिली, चौघांना साडेतीन लिटर, आणि यात तूपही आलं. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर उत्तर तिथेच आहे. फोडणीला तेल भांड्यातून ओतू नका, चमच्याने घाला. एवढ्याने बराच फरक पडतो, आणि चवीला कोणाच्या लक्षातही येत नाही.

चहाचं बोलायलाच हवं. एका चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर. कपात दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हटलं तर तीसच्या वर गेलात, बिस्किटं वेगळीच. एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, तो टिकत नाही. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

फरसाण, शेव, खारी यांचे डबे घरात भरून ठेवू नका. खावंसं वाटलं तर कोपऱ्यावर जाऊन गरम भजी खाऊन या, माझी काही हरकत नाही. घरात डबा असला की भूक नसतानाही हात जातोच.

उपवास करत असाल तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' होऊ देऊ नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात भर तुपाची आणि बटाट्याची. भगर-आमटी किंवा राजगिऱ्याची भाकरी बरी, सोबत काकडीची कोशिंबीर.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळी-फळांचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. वर लिहिलेलं धडधाकट माणसासाठी आहे.