आजीच्या आठवणी रेकॉर्ड करायला आणि घरच्या कार्यक्रमांसाठी स्वस्तात कोणता व्हिडिओ कॅमेरा घ्यावा?

आधी आवाजाचं बघा, कॅमेऱ्याचं नंतर. चित्र थोडं मळकट असलं तरी चालतं, पण आजी काय बोलली तेच कळलं नाही तर सगळं मुसळ केरात. मी आजोबांना बोलतं केलं तेव्हा कॅमेरा सहा फुटांवर होता. नंतर ऐकलं तर पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्याच जास्त!

त्यामुळे आठवणी रेकॉर्ड करायला बाहेरचा माइक लावायची ३.५ मिमीची जागा नसलेला कॅमेरा घेऊच नका. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ या स्वस्त हँडीकॅमला ती नाही. सोनीच्याच झेडव्ही-१ या छोट्या कॅमेऱ्याला आहे, पण तो बराच महाग. जुने डीएसएलआर (लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे) स्वस्तात मिळतात, मात्र बरेचसे व्हिडिओ घेताना एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर थांबतात. आजी ऐन रंगात आलेली असते तेव्हाच.

खरं सांगू? हातात बरा फोन असेल तर कॅमेरा राहू द्या. कॉलर माइक आणि ट्रायपॉड घ्या. आजीला खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठ करून नको. ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. बारशा-मुंजीला मात्र झूम लागतो, तिथे हँडीकॅमच बरा.